ओम्दुर्मानचे डॉक्टर अब्दुल हलीम महंमद

पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिच्या मुख्य इमारतीचें नांव ‘सुदान ब्लॉक’ असें आहे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पण तें नांव तिला कां मिळालें हें सांगणारे थोडेच निघतील. दुसऱ्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेंत हिंदी सैनिक इटालियन फौजांशीं झुंजले व त्यामुळें सुदानवरील संकट टळलें. त्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारनें सन १९४१ मध्यें एक लक्ष पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर तींतील सत्तर हजार पौंड भारताच्या वांट्याला आले व ते या इमारतीच्या कामीं लागले. ३० मे १९५९ रोजीं सुदानच्या राजदूतांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. संस्कृताचा संस्कार झालेल्या कानाला ‘सुदान’ हा शब्द ‘उत्तम दान’ असाच ऐकूं येतो, आणि या प्रकरणीं तो अर्थ शोभूनहि दिसतो. वस्तुतः तो शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘काळ्या लोकांचा देश’ असा आहे. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. देणगी देणारें तें सरकार नांवाचें सुदानी होतें. कारभार इंग्रजांचा होता. सुदानी माणसाला तेव्हां कोणी कांहीं विचारीत नव्हतें. पुढें ज्या सुदानी माणसांवर आपला देश आपण चालविण्याची पाळी आली, त्यांपैकीं एकाचा परिचय आज वाचकांस करून द्यावयाचा आहे.

डॉ. अब्दुल हलीम महंमद हे सन १९१० मध्यें जन्मले आणि २००९ मध्यें, नव्याण्णव वर्षांचे होऊन, वारले. व्यवसायानें ते वैद्य. परंतु कांहीं महिने आपल्या देशाच्या सर्वोच्च आसनावर बसलेल्या पांच जणांपैकीं ते एक होते, आणि सबंध आफ्रिका खंडाच्या फुटबॉल महासंघाचे एक संस्थापक असून दोन वेळां त्याचे अध्यक्ष झाले. वैद्यक, राजकारण आणि खेळ हीं तीन क्षेत्रें आमच्याकडे एकमेकांशीं फटकून वागणारीं मानलीं जातात. हुषार मुलानें डॉक्टर व्हावें, राजकारणाच्या वाऱ्याला उभें राहूं नये, आणि चेंडूमागें धांवण्यांत वेळ दवडूं नये, असा उपदेश आमच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. हा उपदेश ज्यानें तंतोतंत मोडला अशा एका सद्गृहस्थाचें हें चरित्र आहे.

त्यांचीं पदें व मानमरातब मोजीत बसण्यापेक्षां मला त्यांच्या आयुष्यांतील एकच गोष्ट अधिक मननीय वाटते. ती म्हणजे, हीं पदें त्यांनीं सोडलीं कशीं. त्यांच्या देशांत व त्यांच्या खंडांत एकदां खुर्चीवर बसलेला मनुष्य सहसा उठत नसे, त्या काळांत हे गृहस्थ तीनदां उठले. अरबी भाषेंत ‘हलीम’ म्हणजे सहनशील, शांत. ‘अब्द’ म्हणजे दास. क्षमाशील परमेश्वराचा दास असा या नांवाचा अर्थ होतो. आईबापांनीं ठेवलेलीं नांवें सर्वांसच लागू पडतात असें नाहीं. येथें तें लागू पडलें असें त्यांच्या चरित्रावरून वाटतें.

त्यांचें जन्मगांव ओम्दुर्मान. पांढरी नाईल व निळी नाईल या दोन नद्यांचा जेथें संगम होतो, तेथें एका अंगाला खार्टूम आणि पलीकडे पश्चिम तीरावर ओम्दुर्मान वसलें आहे. प्रयागाप्रमाणें येथेंहि दोन्ही प्रवाहांचे रंग कांहीं अंतर वेगळे दिसतात असें प्रवासी सांगतात. सन १८८५ मध्यें महदीच्या अनुयायांनीं खार्टूम घेतलें व जनरल गॉर्डन मारला गेला. महदीची कबर व त्याच्या वारसाची राजधानी ओम्दुर्मानांतच झाली. तेरा वर्षांनीं, २ सप्टेंबर १८९८ रोजीं, शहराबाहेर करारीच्या माळावर किचनेरच्या तोफा व यंत्रबंदुका चालल्या, आणि एका सकाळींत दहा हजारांच्या आसपास सुदानी लोक पडले. इंग्रज व इजिप्ती बाजूचे मेले ते पन्नासाच्या आंत. अब्दुल हलीम जन्मले तेव्हां या घटनेला बारा वर्षेंहि पुरतीं झालीं नव्हतीं. ओम्दुर्मानांतल्या कोणत्याहि घरांत तेव्हां करारी ही ऐकीव कथा नव्हती, घरच्या माणसांची आठवण होती.

आणि त्या घरांतील मुलांना शिकावयास मिळालें तें कोणत्या शाळांत? जिंकणाऱ्यांच्या नांवानें उभ्या राहिलेल्या शाळांत. ‘गॉर्डन मेमोरियल कॉलेज’ हें सन १९०२ मध्यें उघडलें. त्यासाठीं इंग्लंडांत वर्गणी गोळा करणारा किचनेरच होता. हाच किचनेर पुढें आमच्याकडे सरसेनापति म्हणून आला आणि लॉर्ड कर्झनशीं भांडून त्यास पुरून उरला, हें आमच्या जुन्या पिढीस सांगावयास नकोच. १९१६ मध्यें तो समुद्रांत बुडून मेला, तेव्हां त्याचें स्मारक म्हणून खार्टूमला वैद्यकीय विद्यालय काढण्याचें ठरलें व तें १९२४ मध्यें सुरू झालें. नांव किचनेरचें, पण खार्टूमच्या बाजूस स्थायिक झालेल्या अहमद हाशिम अल-बगदादी नांवाच्या एका इराणी व्यापाऱ्यानें आपली मिळकत या विद्यालयास ठेवली, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. स्मारकाच्या शिळेवर एकाचें नांव व पायांत दुसऱ्याचा पैसा, हा प्रकार आमच्याकडील संस्थांतूनहि अगदींच अपूर्व नाहीं.

विद्यालय लहान होतें. सन १९२८ मध्यें पहिली तुकडी बाहेर पडली ती सात जणांची. अब्दुल हलीम हे १९३३ सालचे. त्यांना मिळाली ती पदवी नव्हे, तर त्या विद्यालयाची पदविका. इंग्रज डॉक्टराच्या हाताखालीं काम करण्यास ती पुरे. त्याच्या बरोबरीनें बसण्यास पुरे नव्हे. ही उणीव त्यांनीं पुढें लंडनला जाऊन भरून काढली. तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची सदस्यत्वाची परीक्षा उतरणारे ते पहिले सुदानी होत. कांहीं वर्षांनीं ते त्याच संस्थेचे ‘फेलो’ झाले. ज्यांस ही परीक्षा काय असते याची कल्पना आहे, त्यांस निराळें सांगणें नको. ज्यांस नाहीं त्यांनीं एवढेंच समजावें कीं, ती परीक्षा गोऱ्या व काळ्यांस एकच होती, आणि ती उतरलेल्या मनुष्यास ‘देशी डॉक्टर’ म्हणून खालीं बसविणें साम्राज्य सरकारासहि कठीण जाई.

त्या काळच्या सुदानी डॉक्टराच्या वांट्याला आलेलें काम कसलें होतें? देश अफाट, रेल्वे थोडी, डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. हिंवताप सर्वत्र. सन १९२५ मध्यें निळ्या नाईलवर सेन्नारचें धरण पुरें झालें आणि गेझिराच्या पठारावर कापसासाठीं कालवे निघाले. कापूस पिकला, पण कालव्यांच्या संथ पाण्यांत शंखगोगलगाई झाल्या, व त्यांच्या द्वारें ‘बिल्हार्झिया’ नांवाचा, लघवीवाटे व शौचावाटे रक्त पडणारा रोग शेतकऱ्यांच्या घरोघर शिरला. देश समृद्ध करणारी योजनाच रोग्यांची संख्या वाढविते, हें डॉक्टरांस रोज दिसत असे. पूर्वेकडील प्रदेशांत काळा आजार होता. आणि त्या रोगाला सुदानी डॉक्टरहि ‘काला आझार’ असेंच म्हणतात. आमच्याच देशांतून गेलेला हा शब्द वैद्यकाच्या द्वारें नाईलकांठीं जाऊन रुजला! अशा देशांतील वैद्याला रोग्याच्या खाटेजवळ बसून राजकारणाकडे डोळेझांक करतां येत नाहीं. पाणी कोणी अडविलें, दवाखाना कोठें उघडावयाचा, दक्षिणेकडे डॉक्टर कां जात नाहींत, हे प्रश्न औषधाच्या बाटलीबरोबरच पुढें येतात.

अब्दुल हलीम यांच्या तरुणपणीं सुदानांत उघड राजकारणास वाव नव्हता. १९२४ मध्यें ‘श्वेतध्वज संघ’ नांवाच्या मंडळीनें चळवळ केली व त्याच वर्षाच्या अखेरीस खार्टूमला सैनिकांचें बंड झालें; तें मोडल्यावर सरकारची शिकलेल्या वर्गावरची मर्जी उडाली. तेव्हां हे तरुण वाचनमंडळाकडे वळले. घरोघर जमावें, इंग्रजी व अरबी पुस्तकें वाचावीं, त्यांवर वाद घालावा, मासिकें काढावीं, असा तो काळ होता. १९३४ मध्यें अरफात महंमद अब्दुल्ला यांनीं काढलेलें ‘अल-फज्र’, म्हणजे ‘पहांट’, हें पत्र त्यांतलें नामांकित. आमच्याकडील निबंधमालेच्या व त्यानंतरच्या पिढीची हकीकत ज्यांनीं वाचली आहे, त्यांस हें वातावरण ओळखीचें वाटेल. याच वर्तुळांत महंमद अहमद महजूब हे अब्दुल हलीम यांचे जिवलग स्नेही होते. महजूब इंजिनिअरिंग शिकलेले, मग वकील झालेले, आणि त्याखेरीज कवि. या दोघांनीं मिळून आपल्या तरुणपणच्या आठवणींचें एक पुस्तक लिहिलें. तें १९४६ मध्यें कैरोस प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘मौत दुनिया’, म्हणजे ‘एका जगाचा मृत्यु’. छत्तिशीच्या माणसानें आपल्या जगाचा मृत्युलेख लिहावा हें जरा चमत्कारिक वाटतें खरें. पण ज्या पिढीच्या पायांखालची भूमि इतक्या वेगानें सरकली, तिला तसें वाटल्यास नवल नाहीं. दोन मित्रांनीं एक पुस्तक लिहावें, आणि अठरा वर्षांनीं त्यांपैकीं एकानें राष्ट्राचें सर्वोच्च आसन भूषवावें व दुसऱ्यानें परराष्ट्रमंत्री असावें, असा योग इतर कोणत्या वाङ्मयाच्या इतिहासांत आढळेल असें वाटत नाहीं.

सन १९३८ मध्यें शिकलेल्या लोकांची ‘पदवीधर काँग्रेस’ स्थापन झाली. तिचे पहिले चिटणीस इस्माईल अल-अझारी हे गणिताचे शिक्षक होते. सुदानचे पहिले पंतप्रधानहि तेच झाले. शाळामास्तरांकडून राज्यकारभार होत नाहीं असें म्हणणारांनीं हें टिपून ठेवावें. १९५३ च्या अखेरीस सुदानांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां ती निःपक्षपातीपणें पार पाडण्यासाठीं नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष आमचे सुकुमार सेन होते. भारताची १९५१-५२ ची पहिली निवडणूक त्यांनींच चालविली होती. १ जानेवारी १९५६ रोजीं सुदान स्वतंत्र झाला.

आतां चेंडूकडे वळूं. स्वातंत्र्याला सहा महिनेहि झाले नव्हते, तोंच जून १९५६ मध्यें लिस्बन येथें जागतिक फुटबॉल संघटनेची, म्हणजे ‘फिफा’ची, परिषद भरली. सुदानच्या प्रतिनिधींत डॉ. अब्दुल हलीम होते. इजिप्त, सुदान व दक्षिण आफ्रिका यांचे प्रतिनिधि तेथें एकत्र बसले आणि आफ्रिका खंडाचा स्वतंत्र महासंघ काढण्याचें त्यांनीं ठरविलें. तोंपर्यंत या खंडाला जागतिक परिषदेंत विचारीत कोण होतें? फिफाच्या कार्यकारी मंडळावर आफ्रिकेला एक जागा मिळावी म्हणूनसुद्धां भांडावें लागलें होतें. लिस्बनच्या ठरावाप्रमाणें ८ फेब्रुवारी १९५७ रोजीं खार्टूमच्या ग्रँड हॉटेलांत महासंघाची स्थापनेची सभा भरली. चार देश होते: इजिप्त, सुदान, इथिओपिया व दक्षिण आफ्रिका. दोनच दिवसांनीं तेथेंच पहिली आफ्रिकी चषकस्पर्धा सुरू व्हावयाची होती.

आणि लागलीच कसोटीचा क्षण आला. दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधि फ्रेड फेल यांनीं सांगितलें कीं, आमच्या सरकारच्या नियमाप्रमाणें संघ येईल तो एक तर सगळा गोऱ्यांचा किंवा सगळा काळ्यांचा. मिश्र संघ येणार नाहीं. वाचकांनीं यजमानांची अडचण ध्यानांत घ्यावी. संस्था दोन दिवसांची, सभासद चार, स्पर्धा तोंडावर आलेली. चारांतून एक वजा केला तर उपांत्य सामनेसुद्धां धड जुळत नाहींत. ‘या खेपेस चालवून घ्या, पुढें पाहूं’ असें म्हणणारा शहाणा प्रत्येक सभेंत एक तरी असतोच; आणि त्याचें म्हणणें नेहमीं व्यवहार्य वाटतें. इतरांनीं तें मानलें नाहीं. दक्षिण आफ्रिकेस स्पर्धेंतून वगळलें. तिच्याशीं खेळावयाचा इथिओपिया न खेळतांच अंतिम सामन्यांत गेला. दुसऱ्या उपांत्य सामन्यांत इजिप्तनें यजमान सुदानला २-१ असें हरविलें व मग अंतिम सामन्यांत इथिओपियाला ४-०. ते चारहि गोल अद्-दिबा नांवाच्या एकाच खेळाडूनें केले.

तीन संघांची व दोन सामन्यांची ही स्पर्धा खेळाच्या दृष्टीनें किरकोळच म्हणावी लागेल. परंतु वर्णभेदाच्या कारणावरून एखाद्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थेनें दक्षिण आफ्रिकेस दार बंद केल्याचें याहून जुनें उदाहरण क्वचितच सांपडेल. फिफानें तें धैर्य १९६१ मध्यें दाखविलें, दोन वर्षांनीं मागें घेतलें, १९६४ मध्यें पुन्हां दाखविलें आणि हकालपट्टी करावयास १९७६ उजाडलें. श्रीमंत व जुन्या संस्थांना जें करण्यास वीस वर्षें लागलीं, तें दोन दिवसांच्या गरीब संस्थेनें एका बैठकींत केलें.

सुदानचें स्वतःचें घर मात्र फार दिवस नीट चाललें नाहीं. नोव्हेंबर १९५८ मध्यें सेनापति अब्बूद यांनीं राज्य हातांत घेतलें. दक्षिणेकडील लोक धर्मानें, भाषेनें व वंशानें उत्तरेहून भिन्न. त्यांना दडपून एक करण्याचें धोरण अब्बूद यांनीं चालविलें, आणि तेथील बंडाळी वाढत गेली. २१ ऑक्टोबर १९६४ च्या रात्रीं खार्टूम विद्यापीठांतील विद्यार्थी याच दक्षिणेच्या प्रश्नावर सभा भरवीत होते. सभेला बंदी होती. पोलिसांनीं गोळीबार केला व अहमद अल-कुरशी हा विद्यार्थी मरण पावला. दुसऱ्या दिवशीं त्याच्या प्रेतयात्रेला हजारों लोक लोटले. पुढच्या आठवड्यांत जें घडलें तें त्या खंडांत तोंपर्यंत घडलें नव्हतें. डॉक्टर, वकील, न्यायाधीश, शिक्षक, रेल्वेचे कामगार सर्वांनीं काम बंद केलें. धंद्यांच्या संघटनांची एक आघाडी झाली. आणि शस्त्र न उचलतां लष्करी राजवट खालीं बसली. सिर्र अल-खातिम अल-खलीफा यांना पंतप्रधान केलें. हेहि शिक्षणखात्यांतलेच, दक्षिणेंत पुष्कळ वर्षें काम केलेले. नोव्हेंबरांत अब्बूद यांनीं राष्ट्रप्रमुखपदहि सोडलें.

राष्ट्रप्रमुख कोणाला करावें? एका माणसाला केलें कीं त्याचा पक्ष वर चढणार. तेव्हां पांच जणांचें सार्वभौम मंडळ नेमण्यांत आलें व त्याचें अध्यक्षपद आळीपाळीनें द्यावयाचें ठरलें. ३ डिसेंबर १९६४ रोजीं या मंडळानें अधिकार घेतला. डॉ. अब्दुल हलीम त्यांपैकीं एक. दुसरे डॉ. तिजानी अल-माही, हे मनोविकारांचे तज्ज्ञ, सुदानांतील मानसोपचाराचे जनक, आणि गांवोगांवच्या फकिरांच्या उपचारांकडे तुच्छतेनें न पाहतां त्यांचा अभ्यास करणारे मोठे बहुश्रुत पंडित. मुबारक शद्दाद व इब्राहीम यूसुफ सुलेमान हे आणखी दोघे. आणि पांचवे लुइजी अदवोक, हे दक्षिणेकडील. एका देशाच्या सिंहासनावर शरीराचा व मनाचा असे दोन वैद्य शेजारीं शेजारीं बसले होते! त्या देशाच्या दुखण्याचें स्वरूप पाहतां ही निवड अयोग्य होती असें कोण म्हणेल?

मंडळ बसून तीन दिवस झाले नाहींत तोंच ६ डिसेंबरचा रविवार आला. क्लेमेंट म्बोरो हे नवे गृहमंत्री दक्षिणेकडील होते व तेथील दौऱ्यावर गेले होते. त्यांचें विमान वेळेवर आलें नाहीं, आणि त्यांचा घात झाला अशी अफवा खार्टूमांत राहणाऱ्या दक्षिणी लोकांत उठली. दंगल उसळली; उत्तरेकडील जमावानें तिला उलट उत्तर दिलें; माणसें मेलीं. म्बोरो सुखरूप उतरले, पण झालेलें नुकसान भरून येण्यासारखें नव्हतें. इतिहासांत त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात.

या मंडळाला प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार फारसे नव्हते. कारभार मंत्रिमंडळाकडे होता, आणि परराष्ट्रखातें महजूब यांच्याकडे होतें. मंडळाचें काम म्हणजे देशाचें आसन रिकामें नाहीं हें दाखविणें व निवडणुकीपर्यंत तें कोणा एकाच्या हातीं जाऊं न देणें. हें काम ऐकावयास हलकें वाटतें. पण ज्या देशांत आसन रिकामें दिसतांच कोणीतरी बंदूक घेऊन तेथें बसतो, तेथें नुसतें बसून राहणें व वेळ होतांच उठणें ही मोठी सेवा आहे. मार्च १९६५ मध्यें खार्टूमला उत्तर व दक्षिण यांची गोलमेज परिषद भरली. निर्णय लागला नाहीं, पण दोन्हीकडचे पुढारी समोरासमोर बसले. एप्रिल व मे महिन्यांत निवडणूक झाली. त्या वेळीं सुदानी स्त्रियांनींहि मतें दिलीं व फातिमा अहमद इब्राहीम या विधिमंडळांत निवडून आल्या. दक्षिणेच्या बहुतेक भागांत मात्र मतदान होऊं शकलें नाहीं, आणि ती उणीव पुढें फार महाग पडली. १० जून १९६५ रोजीं मंडळानें आपली मुदत संपविली. महजूब पंतप्रधान झाले, आणि त्यांचे सहलेखक डॉक्टर, ज्यांनीं सहा महिने राष्ट्रप्रमुखपदाचा वांटा उचलला होता, ते त्या आसनावरून उठले.

सन १९६८ मध्यें ते आफ्रिकी फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष निवडले गेले. त्यांच्या आधींचे दोन्ही अध्यक्ष इजिप्तचे होते. महासंघ आतां चार देशांचा राहिला नव्हता. एकामागून एक स्वतंत्र झालेले देश त्यांत आले होते. १९६६ च्या जागतिक चषकासाठीं आफ्रिका, आशिया व ओशनिया या तिन्ही खंडांना मिळून एकच जागा ठेविली होती. तिचा निषेध म्हणून सर्व आफ्रिकी संघांनीं अंग काढून घेतलें होतें. बहिष्कार फळला. १९७० च्या मेक्सिकोंतील स्पर्धेसाठीं आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली व ती मोरोक्कोनें घेतली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत आफ्रिकी चषकस्पर्धा खार्टूम व वाद मदनी येथें झाली. १९५९ व १९६३ असा दोनदां अंतिम सामना हरलेल्या सुदाननें १६ फेब्रुवारी रोजीं घानाला १-० असें हरवून चषक जिंकला. सुदाननें तो चषक जिंकला तो तेवढ्याच एका वेळीं. ज्या शहरांत तेरा वर्षांपूर्वीं दोन सामन्यांची स्पर्धा भरली, त्याच शहरांत स्वतः महासंघाचे अध्यक्ष असतां आपल्या देशानें जिंकावें, हें भाग्य डॉक्टरांस लाभलें.

१९६८ पासून १९८२ पर्यंत ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचेहि सभासद होते. त्यांचें सभासदत्व सुरू झालें त्याच वर्षीं या समितीनें दक्षिण आफ्रिकेस मेक्सिकोच्या खेळांचें आमंत्रण दिलें, आणि आफ्रिकी देशांनीं बहिष्काराची धमकी देतांच तें मागें घेतलें. मे १९७० मध्यें अॅम्स्टरडॅमच्या बैठकींत दक्षिण आफ्रिकेची समितींतून हकालपट्टी झाली. खार्टूमच्या हॉटेलांत चौघांनीं काढलेला प्रश्न तेरा वर्षांनीं खेळाच्या सर्वांत श्रीमंत दरबारांत येऊन पोंचला होता.

१९७२ मध्यें महासंघाचें अध्यक्षपद इथिओपियाचे यिदनेकाचेव तेसेमा यांच्याकडे गेलें. तेसेमा हे तेजस्वी व झुंजार पुरुष. पंधरा वर्षें त्यांनीं तें पद गाजविलें व ऑगस्ट १९८७ मध्यें ते पदावर असतांनाच वारले. तेव्हां महासंघानें पुन्हां डॉ. अब्दुल हलीम यांना हांक मारली. वय सत्त्याहत्तर. या वयांत आमच्याकडचे गृहस्थ एक तर कशांतच लक्ष घालीत नाहींत किंवा घातलेलें काढीत नाहींत. त्यांनीं हंगामी अध्यक्षपद घेतलें, मार्च १९८८ मध्यें निवडणूक झाली, कॅमेरूनचे तरुण इसा हयातू निवडून आले, आणि डॉक्टरांनीं खुर्ची त्यांच्या स्वाधीन केली. हयातू त्या खुर्चीवर २०१७ पर्यंत, एकोणतीस वर्षें, बसले.

सुदानच्या आसनाची कथा याहून वाईट झाली. मे १९६९ मध्यें नुमैरी यांनीं सत्ता बळकावली व सोळा वर्षें ठेवली. डॉक्टरांचें महासंघाचें अध्यक्षपद निम्मेंअधिक याच राजवटींत गेलें. जून १९८९ मध्यें बशीर आले ते तीस वर्षें बसले. दक्षिण सुदान २०११ मध्यें निराळें राष्ट्र झालें. २०१९ मध्यें बशीर गेले, आणि त्या चळवळींतहि डॉक्टर व इतर व्यावसायिकांच्या संघटना १९६४ प्रमाणेंच पुढें होत्या. त्यानंतर जें राज्यमंडळ बसलें त्याला पुन्हां ‘सार्वभौम मंडळ’ हेंच नांव दिलें; पण या वेळीं त्याच्या अध्यक्षस्थानीं सेनापति होता, आणि ऑक्टोबर १९२१ नव्हे, २०२१ मध्यें, त्यानें नागरी मंत्र्यांना घालवून दिलें. असल्या गोष्टी लिहितांना शतकाचा आंकडा चुकावा इतक्या त्या एकमेकींसारख्या असतात. डॉ. अब्दुल हलीम २००९ मध्येंच गेले होते. १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर व निमलष्करी दल यांच्या यादवींत खार्टूम व ओम्दुर्मान यांची जी दुर्दशा झाली, दवाखाने ओस पडले, लक्षावधि लोक देशोधडीला लागले, तें पाहणें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं.

ओम्दुर्मानचे दोन जुने फुटबॉल संघ आहेत, अल-हिलाल व अल-मर्रिख. एकाच्या नांवाचा अर्थ चंद्रकोर, दुसऱ्याच्या नांवाचा अर्थ मंगळ. मैदानें युद्धांत सांपडल्यामुळें २०२४-२५ च्या हंगामांत हे दोन्ही संघ खंडाच्या दुसऱ्या टोंकाला, मॉरिटानिया देशाच्या साखळीस्पर्धेंत पाहुणे म्हणून खेळले, आणि अल-हिलाल तींत सर्वांच्या वर राहिला. २०२५ च्या अखेरीस मोरोक्कोंत भरलेल्या आफ्रिकी चषकासाठीं सुदानचा राष्ट्रीय संघहि पात्र ठरला. त्यासाठीं झालेले त्याचे ‘घरचे’ सामने सर्व परदेशांतच खेळले गेले.